तुम्ही विचारलंत म्हणून: लव्हक्राफ्टचं काय करायचं?

'कॉल ऑफ क्थुलू' हा खेळ मी चालवतो म्हटलं की एकच प्रश्न दोन टोकांनी येतो. तरुण मंडळी म्हणतात, ज्याच्या कथांवर हा खेळ उभा आहे तो माणूस एवढा वंशद्वेष्टा होता, मग खेळता कशाला? जुने खेळाडू म्हणतात, खेळायचाच आहे तर त्यात मुंबई आणि गिरणी कामगार कशाला घुसडता, मूळचा आहे तसा का नाही खेळत? दोघांशी तोंडी वाद घालून झाला. आता लिहूनच टाकतो.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण प्रसंग सांगतो, त्याला इथे 'कीपर' म्हणतात. बाकीचे एकेक पात्र होतात, 'मी दार ढकलतो', 'मी त्या म्हाताऱ्याला विचारते' असं बोलत जातात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. हार-जीत नसते.

एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातला. स्वस्त मासिकांतून भयकथा लिहायचा. त्याचं भय भुताखेतांचं नव्हे. या विश्वात आपल्याहून प्रचंड, प्राचीन असं काही आहे, त्याचं आपल्याशी वैरसुद्धा नाही, कारण आपण त्याच्या खिजगणतीतच नाही, आणि हे ज्याला कळतं त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. १९८१ मध्ये केऑसियम या कंपनीसाठी सँडी पीटरसनने यावर खेळ रचला, आणि हे भय त्याने वर्णनात न ठेवता आकड्यांत आणलं. प्रत्येक पात्राला 'सॅनिटी' असते, म्हणजे मनाचा तोल. भयानक काही पाहिलं की ती घटते. याशिवाय 'क्थुलू मिथॉस' नावाचं एक कौशल्य असतं: त्या निषिद्ध गोष्टींचं ज्ञान. ते जेवढं वाढेल तेवढी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ वरून खाली येते. ज्ञान ३० झालं, तर मन कितीही सावरलं तरी ६९ च्या वर जात नाही. बाकीच्या खेळांत शिकाल तसे बळकट होता. इथे शिकाल तसे खचता. माझ्या मते लव्हक्राफ्टचं सगळं साहित्य या एका नियमात मावतं.

आता त्याच्या द्वेषाबद्दल. 'तेव्हाचे लोक तसेच होते' असं म्हणून काही जण हात झटकतात. मला ते पटत नाही. १९२४ ते १९२६ हा माणूस न्यूयॉर्कमध्ये राहिला, तिथल्या स्थलांतरितांच्या गर्दीने त्याला शिसारी यायची, आणि घरी परतल्यावर त्याच उन्हाळ्यात त्याने खेळाला नाव देणारी ती कथा लिहिली. लुइझियानाच्या दलदलीत नरबळी देणारे भक्त तिच्यात मिश्र वंशाचेच आहेत. समुद्राखालच्या राक्षसाची भीती आणि गल्लीतल्या परक्या माणसाची भीती त्याच्या लेखी एकच. फळाची सडकी बाजू कापून उरलेलं खावं, इतकं हे सोपं नाही.

त्याच कथेत आपणही आहोत, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. १९२५ च्या मार्चमध्ये क्थुलू, म्हणजे तो समुद्राखालचा राक्षस, झोपेत चाळवतो आणि जगभर माणसं बिथरतात. कथेचा निवेदक वर्तमानपत्रांची कात्रणं चाळतो. त्यात हैतीतले विधी, आफ्रिकेतली कुजबुज, फिलिपिन्समधल्या त्रासदायक टोळ्या, आणि एका अर्ध्या वाक्यात हिंदुस्थान: मार्चअखेर तिथल्या लोकांत गंभीर अशांतता असल्याच्या जपून दिलेल्या बातम्या. बस. ज्या देशात तीन वर्षांपूर्वी असहकाराचं आंदोलन होऊन गेलं, तिथली अशांतता म्हणजे एका राक्षसाच्या स्वप्नाचा परिणाम! नवीन खेळाडूंना मी ही कथा आधी वाचायला लावतोच. या वाक्यावर ते हसतात. मग मी विचारतो, ही बातमी 'जपून' कोणी दिली?

तिथून आमचा खेळ सुरू होतो. तारखेत काना-मात्रेचा फरक करत नाही. मार्च १९२५, मुंबई. सप्टेंबरात गिरणीमालक साडेअकरा टक्के पगारकपात लादणार आहेत आणि सुमारे दीड लाख कामगार डिसेंबरपर्यंत संपावर असणार आहेत, हे टेबलाभोवती सगळ्यांना ठाऊक असतं, पात्रांना नसतं. पात्रं कोण? तारऑफिसातला कारकून, एक बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतला जाणारा) कामगार, आणि खानावळ चालवणारी बाई. ही बाई माझी लाडकी. लव्हक्राफ्टचे नायक प्राध्यापक नाहीतर वाडवडिलांच्या पैशावर जगणारे ग्रंथप्रेमी. त्यामुळे 'लायब्ररी यूज' हे या खेळातलं हुकमी कौशल्य, आणि ग्रंथालयाचं दार आपल्याला उघडं असणार हे त्यात धरून चाललेलं. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून खानावळवाली एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंग्रहात गेली तर तिला आत कोण घेणार? पण चार गिरण्यांतले पुरुष तिच्या पंगतीला जेवतात, आणि जेवता जेवता बोलतात.

एकदा कथेतला शापित ग्रंथ तिच्याच हाती लागला. वाचेल त्याचं मिथॉस वाढणार, सॅनिटी घसरणार. टेबलावर सगळे गप्प झाले. ती भूमिका करणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "मला कुठे वाचता येतं?" नियम जसाच्या तसा, आणि खेळ पार उलटा झाला. पुस्तक तिच्यापाशी सुखरूप. पण त्यात काय आहे ते कळायला हवं असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार, म्हणजे कुणाचं डोकं फिरवायचं ते तिने ठरवायचं. तिने रात्रीच्या शाळेत जाणाऱ्या त्या बदली कामगाराला बोलावलं. दोन-तीन खेळाडूंना ते अजून पचलेलं नाही.

जुन्या खेळाडूंनो, आता सांगा, यात मूळ कुठे बिघडलं?

दुसरी गोष्ट याहून कडू. गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, दलित कामगारांना काम देत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आडवा येई. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. आमच्या कथेतला एक पुरावा त्याच खात्यात आहे. पात्र दलित असेल तर फासे टाकायच्या आधीच दार बंद. असं काही मांडायचं तर खेळाआधी सगळ्यांशी बोलून घ्यावं लागतं. कुणी नको म्हटलं तर पुरावा दुसरीकडे हलतो, त्यावर चर्चा नाही. ही वाट मी शोधलेली नाही. क्रिस स्पिवीच्या 'हार्लेम अनबाउंड'ने २०१७ मध्ये याच खेळात १९२० च्या दशकातलं हार्लेम, न्यूयॉर्कमधली काळ्या लोकांची वस्ती, उभं केलं आणि लव्हक्राफ्ट ज्यांना घाबरायचा त्या काळ्या माणसांनाच शोध घेणारे केलं. मी ते वाचलं नसतं तर गिरणगाव सुचलं नसतं.

सोपी उलटापालट मात्र मी टाळतो. मालक हेच राक्षसाचे पुजारी, असं केलं की टाळ्या मिळतात आणि भय संपतं. पगारकपात माणसांनीच केली, तिला क्थुलूची गरज नव्हती. आणि खाली जे झोपलंय त्याला मालक-मजूर दोन्ही सारखेच नगण्य. ही थंडगार गोष्ट लव्हक्राफ्टची, आणि ती मी सोडणार नाही.

सॅनिटीचा नियमही निर्दोष नाही. जुन्या आवृत्त्यांत तोल गेला की यादीतून एक मानसिक आजार चिकटवायचा, आणि खेळाडू मग त्याची नक्कल करत बसायचे. घरात असं आजारपण पाहिलेल्या माणसाला ते बघवत नाही. 'डेल्टा ग्रीन' या भाऊबंद खेळाने यावर छान तोड काढली: आघात स्वतःवर घेण्याऐवजी नात्यावर ढकलता येतो. तुम्ही शाबूत राहता, पण बायकोशी किंवा मुलाशी असलेला बंध कमजोर होतो. हा नियम मी उचलला आहे.

तरुण मंडळींना एवढंच: लव्हक्राफ्ट वाचवतच नसेल तर नका वाचू. टेबलावर दुसरे खेळ पुष्कळ आहेत आणि तेही मी आनंदाने चालवतो. पण चालवून बघायचाच असेल तर केऑसियमच्या संकेतस्थळावर प्राथमिक नियम फुकट मिळतात, सोबत बॉस्टनमधल्या एका झपाटलेल्या घराचं कथानकही असतं. मुख्यतः दहा बाजूंचे दोन फासे लागतात. लेखकाला जाऊन साठ वर्षं कधीच उलटली, त्यामुळे आपल्याकडे त्याच्या कथांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. झपाटलेल्या घराचं कथानक मात्र केऑसियमचं; पण आपल्या टेबलावर खेळण्यापुरतं ते घर बॉस्टनहून उचलून गिरगावात आणलंत तर कुणाला विचारायला नको. फक्त घरमालक कोण आणि भाडेकरू कोण, ते आधी ठरवून घ्या.