ईकोत बिऱ्हाड, जैसलमेरात मुक्काम

जैसलमेरला काम लागलंय असं घरी सांगितलं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, “तिकडं सरपण मिळतं का रं?” पगार किती, कंपनी कुठली, हे सगळं नंतर. वर्षानुवर्षं ऊसतोडीला गेलेली बाई. परगावी राहायचा तिचा हिशेब सरपण, पाणी, किराणा याच क्रमानं चालतो. मी गॅसवर करून खाईन म्हटल्यावर तिला काही ते पटलं नाही, पण विषय सोडून तिनं सामान बांधायला घेतलं.

मी बीडच्या पाटोदा तालुक्यातला. आयटीआय करून बालाघाटाच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर मेंटेनन्सला होतो. टॉवरवर चढायचं, ग्रीसिंग करायचं, बोल्टचा टॉर्क तपासायचा, पॅनेल बघायचं. ठेकेदाराचं कंत्राट संपलं आणि आमची टोळी पांगली. कुणी पुण्याला गेलं, कुणी शेतीत. जैसलमेरला 2001 पासून पवनचक्क्या उभ्या राहत आल्यात, तिथल्या प्रकल्पाची क्षमता हजार मेगावॅटच्या वर आहे, म्हणजे माणूस लागतोच. मी हो म्हणून टाकलं.

फेब्रुवारीचा महिना होता. गाव निम्मं रिकामं, कारण साखर कारखान्यांचा पट्टा अजून पडलेला नव्हता, म्हणजे गाळप चालूच होतं, आणि कोयते, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या जोड्या, परतायच्या होत्या. चुलतभावाची ईको व्हॅन आहे, एरवी तो तिच्यात शाळेची पोरं नेतो. त्यानं चार दिवस दुसऱ्याला सांगून ठेवलं, मागची सीटं काढली आणि गाडी अंगणात लावली. भरायचं काम मात्र आईनं कुणाला करू दिलं नाही. ट्रॉलीत सहा महिन्यांचा संसार भरण्याची तिची एक रीत आहे. जड ते खाली आणि पुढच्या बाजूला, फुटणारं वाकळेच्या घडीत, आणि मुक्कामाला पोचल्या पोचल्या जे लागणार ते सगळ्यात शेवटी, दाराजवळ. त्यामुळं बाजरी-ज्वारीचं पीठ आणि टूलबॉक्स तळाला गेले. तवा, काथवट, छोटा सिलिंडर, आमटीचा येसूर मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा कॅन दाराशी आला. मी सेफ्टी हार्नेसची, म्हणजे टॉवरवर चढताना बांधायच्या पट्ट्याची, बॅग वर ठेवत होतो, ती तिनं उचलून मागं सारली. “पट्टा काय पहिल्याच रात्री बांधून झोपणारेस का?”

संभाजीनगर ओलांडून कन्नडला औट्रम घाट उतरलो. जड गाड्यांना तिथं आता बंदी आहे, म्हणून ईकोला रस्ता मोकळा मिळाला. चाळीसगाव, धुळे, साक्री. नवापूरनंतर पाट्या गुजराती झाल्या आणि सुरत ते अहमदाबाद या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, ट्रक आणि टोल. डीसाला बटाट्याची काढणी चालू होती. भावानं कट्टाभर बटाटे घेतले, आईच्या रचनेत ते कुठंच बसेनात, म्हणून पुढं माझ्या पायात ठेवले. बाकीचा सगळा प्रवास मी गुडघे छातीशी घेऊन केला.

राजस्थानात शिरलो ते सांचोरच्या बाजूनं. मी वाळू बघायच्या तयारीत होतो आणि दोन्ही बाजूंनी हिरवीगार शेतं, जिरं आणि इसबगोल. नर्मदेचा कालवा गुजरातमधून थेट इथवर आलाय. एका चहाच्या टपरीवर शेतकरी बसले होते, त्यांच्याकडून कळलं की या कालव्याचं पाणी पाटानं सोडायचंच नाही, तुषार किंवा ठिबकनंच द्यायचं, असा नियम पहिल्यापासून घातलेला आहे. भाऊ माझ्याकडं बघायला लागला. आमच्या शिवारात धरणाचं पाणी आलं की उसात रात्रभर मोकळं सोडून माणूस घरी झोपायला जातो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळं त्यावर कुणी काही बोललं नाही.

बाडमेर सोडलं आणि मग खरं वाळवंट लागलं. त्यातही सिनेमातल्यासारखे वाळूचे डोंगर फार थोडे. बहुतेक ठिकाणी आपल्या माळासारखाच खडकाळ, पिवळट मोकळा मुलूख, त्यावर रुई, केरची झुडपं आणि मधूनच एखादी खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी. फरक एवढाच की आपल्या माळावर कुठंही उभं राहिलं तरी एखाद्या देवळाचा कळस किंवा पाण्याची टाकी दिसते. इथं काहीच दिसत नाही. जैसलमेर हा एकच जिल्हा 38 हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याच्या निम्म्याहून मोठा. आणि 2011 च्या जनगणनेत माणसं किती, तर पावणेसात लाखांच्या आत. एकट्या बीड जिल्ह्यात तेव्हा पंचवीस लाखांच्या वर होती. भावाचा हिशेब वेगळाच. “अरं, इथं माणसंच नाहीत, तर माणसानं गाडीत पोरं कुठली भरायची?”

जैसलमेरहून रामगढच्या रस्त्याला लागलं की बडा बागच्या छत्र्या आणि त्यांच्या मागं पवनचक्क्या एकदमच दिसतात. राजेराजवाड्यांच्या समाध्या आणि वर फिरणारी पाती. पर्यटक तिथं फोटो काढतात. मी मात्र मेक कुठला, ब्लेड किती मीटरचं, ते बघत होतो. त्याच अंगाला पुढं, डांबरी सोडून आत, एका ढाणीत आम्हा टेक्निशियन पोरांना खोली मिळाली. ढाणी म्हणजे आपल्याकडची वस्ती, पाच-सात घरं. भाऊ एक रात्र राहिला, सकाळी बटाट्याचा अर्धा कट्टा मला देऊन निघाला. रिकामी गाडी जाणार याचंच त्याला वाईट वाटत होतं. पालनपूरपर्यंत एखादं भाडं मिळतंय का, हे तो घरमालकाला तीनदा विचारून गेला.

घरमालकाला सगळे बासा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागलो. सत्तरीचे असतील. खोली पिवळ्या दगडाची, छताला दगडी पट्ट्या, उन्हाळ्यात आत बरं वाटतं. त्यांनी भाड्याचं बोलणं दोन मिनिटांत संपवलं आणि पाण्याचं समजावायला अर्धा तास घेतला. नळाला येतं ते नहरचं पाणी. इंदिरा गांधी कालव्याचं, पार पंजाबातल्या हरिकेपासून आलेलं. ते येतं तेव्हा येतं. वापरायला, जनावरांना तेच. प्यायला टाक्यातलं. टाकं म्हणजे जमिनीत बांधलेला गोल हौद, वर घुमटासारखं झाकण, झाकणाला लोखंडी दार आणि दाराला कुलूप. किल्ली मासांच्या, म्हणजे त्यांच्या घरातल्या म्हातारीच्या, कमरेला.

मी पहिल्या दिवशी जेवल्यावर ताट घेऊन नळाकडं निघालो तर मासांनी हातातून ताटच काढून घेतलं. ओसरीच्या कडेला चाळलेल्या बारीक रेतीचा ढीग असतो. मूठभर रेती ताटात टाकली, तळव्यानं गोल फिरवली, झटकली, दुसरी मूठ, पुन्हा झटकली, मग फडक्यानं पुसलं. तुपाचा ओशटपणासुद्धा राहिला नाही. आपल्याकडं राखेनं घासतात, पण विसळायला पाणी लागतंच. इथं थेंब लागला नाही. आता माझी भांडी मी तशीच घासतो. कुकर सोडून, कारण शिटीत रेती गेली की काय होतं ते मला मशीनच्या फिल्टरवरून चांगलं माहीत आहे.

टाक्याभोवतीची जमीन थोड्या उताराची, ठोकून घट्ट केलेली असते. तिला आगोर म्हणतात. पावसाचं पाणी आगोरवरून वाहत टाक्याच्या मोऱ्यांतून आत जातं. मोरीला जाळी आणि जाळीबाहेर काटेरी फांद्या. आगोरवर चप्पल घालून जायचं नाही, शेळी फिरकू द्यायची नाही. जूनमध्ये आकाश भरून यायच्या आधीच सगळी ढाणी आगोर झाडायला निघाली. मी सुट्टीवर होतो, तर बासांनी माझ्याही हातात झाडू दिला. आम्ही ओळीनं झाडत गेलो, लेंड्या, पालापाचोळा, वाऱ्यानं आलेले प्लास्टिकचे कागद वेचून बाजूला केले. वाकून वाकून कंबर धरली, पण मागं एखादी बाई सारवणाला हात फिरवत येते तशा मासा हातानं बारीक खडे वेचत येत होत्या, त्यामुळं थांबायची सोय नव्हती. पाऊस आला तो पुढच्या महिन्यात, पाऊण तासाचा. सगळे ओसरीत उभे राहून मोऱ्यांकडं बघत होते. पहिल्यांदा पाणी आत घसरायला लागलं तेव्हा बासांनी कानाला हात लावून आवाज ऐकला आणि टाकं किती भरलं असेल ते सांगितलं. दार उघडून दोरी सोडून मोजलं तर वीतभराचाही फरक नव्हता.

इथं वर्षाला पाऊस पडतो दोनशे मिलिमीटरच्या आत. मराठवाड्याची सरासरी सातशेच्या आसपास. आपल्याकडं सप्टेंबरमध्ये एखाद्या आठवड्यात जेवढा झोडपतो तेवढ्यात यांचं वर्ष निघतं. आणि तरीही, 2016 साली धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींची गाडी. त्या वाघिणी कुठून आल्या होत्या? राजस्थानातल्या कोट्याहून. तिथल्या वर्कशॉपमध्ये वाफेनं धुऊन पाठवल्या होत्या. हे मी बासांना सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं पाऊस किती पडतो? मी आकडा सांगितला. मग त्यांनी विचारलं, पेरता काय? मी ऊस म्हणालो. म्हातारा काही बोलला नाही, पण बिडी विझवून माझ्याकडं असं बघितलं की मी उठून खोलीत गेलो.

मी उसाला शिव्या देणारा माणूस नाही. माझ्या आईबापानं तोच तोडून मला शिकवलं. पण इथले खडीन बघितल्यावर मला आपल्या जुन्या शेताची फार आठवण आली. खडीन म्हणजे खडकाळ उतारावरचं पाणी जिथं गोळा होतं तिथं मातीचा लांब बांध घातलेलं शेत. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं, मुरतं. पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. नंतर एक पाणी द्यायचं नाही. शेकडो वर्षांपूर्वी पालीवालांनी ही खडीनं वसवली, त्यांची कुलधरासारखी गावं उजाड झाली, पण खडीनं अजून पिकतात. आता सांगा, आजोबांची रब्बी ज्वारी याहून वेगळी काय होती? काळ्या रानात नुसत्या ओलीवर यायची, वर थंडीचं दव. आपल्या बीडच्या खजाना विहिरीसारखं सोळाव्या शतकातलं बांधकाम आपल्याकडं आहे. 72 च्या दुष्काळात खोदलेले पाझर तलाव गावोगाव आहेत. आमच्या गावच्या तलावातला गाळ लोक ट्रॅक्टरनं शेतात नेतात, ते चांगलंच आहे, पण पाणलोटात कुणी कधी झाडू घेऊन गेल्याचं मी पाहिलं नाही. जेसीबी येतो, फोटो निघतात, जेसीबी जातो.

कामाचं सांगायचं तर काम तेच, ऊन वेगळं. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की टॉवरचं दार उघडताच भट्टीची झळ यावी तसा आतला वारा अंगावर येतो. म्हणून पहाटेच चढतो, हातमोज्याशिवाय पान्हा धरवत नाही. चढायच्या आधी ट्रान्सफॉर्मरच्या आवारात काठी आपटून घ्यायची, कारण फुरसं सावलीला येऊन बसतं. तेही आपल्याच माळावरचं, इथं त्याला बांडी म्हणतात. फिल्टर वारंवार बदलावे लागतात. मे ते ऑगस्ट वारा जोरात असतो, तेव्हा मशीन बंद ठेवलेलं कुणाला चालत नाही, त्यामुळं मोठी कामं हिवाळ्यात.

वरून, नॅसेलमधून, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या मशीनच्या खोलीतून, एकदा लांबवर चालत जाणारा मोठा पक्षी दिसला. सोबतचा पोरगा जैसलमेरचा, तो कुजबुजला, “गोडावण.” म्हणजे आपला माळढोक. आपल्या शेजारच्या, सोलापूरकडच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, तिथं आता तो दिसणं मुश्कील. इथं थोडे उरलेत आणि त्यांना मोठा धोका कशाचा, तर आमच्याच विजेच्या तारांचा. पक्षी जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तारेवर आदळतो. 2021 ला सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखालून घ्यायला सांगितलं, 2024 मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली. पक्ष्याला तार दिसावी म्हणून तारांवर फिरत्या चकत्या लटकवल्यात. ढाणीतल्या लोकांचं याहून वेगळं दुखणं आहे, ओरणांचं. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेली गायरानं, तिथं कुऱ्हाड चालत नाही. त्यांतून लाइनी गेल्या की भांडणं होतात. मी पगार लाइनीच्या बाजूनं घेतो आणि राहतो ओरणाच्या बाजूला. बासांनी हे मला एकदाही ऐकवलं नाही, पण कंपनीची गाडी आली की ते उठून आत जातात.

एकटं वाटतं का, असं बरेच जण विचारतात. संध्याकाळी वाटतं. साइटवर कळंबचा एक जण आहे, रविवारी आम्ही भाकरी आणि येसूराची आमटी करतो, मराठीत मनसोक्त भांडतो. मासा सोगरा करतात, म्हणजे बाजरीची जाडजूड भाकरी, तुपात बुडवलेली, सोबत केर-सांगरी. आईला व्हिडिओ कॉलवर ती भाकरी दाखवली तर ती म्हणाली, “थापायला येतंय बाईला, पण मधी जाड ठेवली.” मासांना मी याचं भाषांतर करून सांगितलं ते, “आई म्हणते छान झालीय.”

धाराशिव-बीडकडची आयटीआयची पोरं फोन करतात, यावं का म्हणून. या. पण ठेकेदाराकडून पगाराची तारीख आणि विमा लेखी घेतल्याशिवाय गाडी भरू नका. आणि पहिल्यांदा यायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात या, अंगाला ऊन हळूहळू सवयीचं होतं. कॅन दोन आणा. बाजरी इथं चांगली मिळते, ज्वारीचं पीठ मात्र घरूनच लागेल, आणि ते तळाला भरा.