बोटीचा गाळ आणि ट्रकचे काळे ऑईल

धुळ्यापासून समुद्र दूर असला, तरी आमच्या धंद्याची वाढ गेल्या काही वर्षांत समुद्राच्याच दिशेने झाली आहे. हजिऱ्याहून निघून थेट पारादीप बंदराला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ नवापूर, धुळे, जळगाव असा खान्देशातून आडवा जातो, आणि या रस्त्यालगतच्या गॅरेजांमधून निघणारे काळे ऑईल, म्हणजे इंजिनात वापरून झालेले वंगण, गोळा करण्यापासून वापरलेल्या तेलातून पुन्हा तेल मिळवणाऱ्या आमच्या कारखान्याची सुरुवात झाली. आता त्याच रस्त्याने गुजरातच्या बंदरांवरून बोटींचा तेलगाळ घेऊन टँकर येतात. मी कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळतो, आणि धंदा वाढत असताना माझे सर्वांत जास्त लक्ष एकाच गोष्टीकडे असते: हे दोन माल कधीही एका टाकीत जाता कामा नयेत.

मोठ्या बोटी जे फर्नेस ऑईल जाळतात, ते तेलशुद्धीकरणात तळाला उरलेल्या जड मालापासून तयार होते. इंजिनात सोडण्यापूर्वी ते सुमारे ९८ अंशांपर्यंत तापवून सेंट्रिफ्यूज या अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात फिरवतात आणि त्यातून पाणी, गंज व चिकट गाळ वेगळा काढतात. जाळलेल्या इंधनाच्या साधारण एक ते दोन टक्के इतका हा गाळ असतो. बोटींमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराचे तेलाविषयीचे पहिले परिशिष्ट २ ऑक्टोबर १९८३ पासून लागू झाले. त्यानुसार बोटीच्या यंत्रघरातील पाणी समुद्रात सोडायचे असेल, तर त्यात तेलाचे प्रमाण दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त असून चालत नाही. गाळ एक तर बोटीवरच्या भट्टीत जाळावा लागतो, नाही तर बंदरावर उतरवून त्याची नोंद ऑईल रेकॉर्ड बुकात, म्हणजे बोटीवरच्या तेलाच्या नोंदवहीत, करावी लागते. आमच्याकडे येणारा कच्चा माल या नियमामुळेच किनाऱ्याला लागतो, याचे मला मनापासून समाधान वाटते.

टँकर फाटकात आला की पहिली परीक्षा पाण्याची. तापलेल्या पत्र्यावर गाळाचा एक थेंब टाकायचा. तो तडतडला तर पाणी आहे, हे लगेच कळते. किती आहे हे मात्र काचेच्या उपकरणात टोल्युईनबरोबर उकळूनच ठरते. काही पाणी तळाला गेलेले असले, तर वरचा नमुना कोरडा वाटतो, म्हणून मी वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने घेतल्याशिवाय टँकरचा व्हॉल्व्ह उघडू देत नाही. बोटीच्या नेहमीच्या जड तेलाची घनता घनमीटरला ९९१ किलोपर्यंत असू शकते, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकीच. त्यामुळे थंड गाळ कितीही दिवस नुसता ठेवला, तरी त्यातले पाणी नीट खाली बसत नाही. टाकीतल्या स्टीम कॉइलने, म्हणजे वाफेच्या वेटोळ्या नळीने, तो तापवावा लागतो, मग डिकँटर या वेगळे करणाऱ्या यंत्रात तेल, पाणी आणि घट्ट साका असे तीन भाग होतात. वाफेसाठी बॉयलरला लागणारे जळण हाच या कामातला मोठा खर्च असल्याने, ज्या गाळात पाणी जास्त, त्याचा भाव आम्ही त्याच हिशेबाने पाडतो.

ट्रकच्या इंजिनातून निघालेले काळे ऑईल ही वेगळीच वस्तू आहे. त्यात कॅल्शियम, झिंक आणि फॉस्फरस असलेली रसायने मुद्दाम घातलेली असतात. निर्वात ऊर्ध्वपातन केले, म्हणजे हवा काढून कमी दाबाखाली त्याची वाफ करून ती थंड केली, की त्यातून पुन्हा बेस ऑईल, म्हणजे वंगणाचे मूळ तेल, मिळते. पण बोटीचा जड गाळ त्यात मिसळला, तर त्यातील डांबरासारखा भाग यंत्राच्या तापलेल्या भिंतींवर कोळशासारखा धरतो आणि तेलाचा दर्जाही जातो. उलट बाजूनेही धोका आहे. बोटींच्या इंधनात वापरलेले वंगण नसावे, असे आयएसओ ८२१७ हे बोटींच्या इंधनाचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते, आणि किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम व त्याच्या जोडीला १५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त झिंक किंवा फॉस्फरस सापडले, तर त्या इंधनात जुने वंगण आहे असे धरले जाते. गाळातून परत मिळवलेले तेल आम्ही कारखान्यांच्या बॉयलर-भट्ट्यांसाठीच विकतो. तरीही मिश्रणाला आमचा ठाम नकार असतो, कारण व्यापाऱ्यांच्या साखळीत गेलेला माल पुढे कुठे पोहोचेल, यावर आमचा ताबा राहत नाही. १ जानेवारी २०२० पासून बोटींच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५० वरून ०.५० टक्क्यांवर आली, तेव्हापासून मिश्रणे करून इंधन बनवण्याचे प्रमाण वाढले आहे, आणि २०२२ च्या सुरुवातीला सिंगापूरला क्लोरीनयुक्त रसायनांनी दूषित झालेल्या इंधनामुळे अनेक बोटींची इंजिने अडली होती.

काळे ऑईल मिळवणे मात्र अजूनही सोपे नाही. खान्देशात ते सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, आणि सर्रास वीटभट्टीत जाळायलाही जाते. ‘भाऊ, सेंट्रिंगवाले रोख देतात, तुम्ही कागद मागता,’ असे एका गॅरेजवाल्या काकांनी मला सांगितले, आणि त्यांचे बोलणे खरेच होते. तो कागद म्हणजे मॅनिफेस्ट, घातक कचरा कुठून कुठे जातो याची नोंद असलेला वाहतुकीचा दस्तऐवज. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार मालासोबत तो चालवावाच लागतो, आणि दुसऱ्या राज्यातून पुनर्वापरासाठी माल येणार असेल, तर निर्मात्याने दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना आधी कळवावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलासाठी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी आली, म्हणजे वापरून झालेल्या तेलाच्या पुनर्वापराची काळजीही त्यांनाच घ्यावी लागते, त्यामुळे नोंदणीकृत कारखान्यांकडे येणारा माल वाढेल, असा माझा भरवसा आहे.

शेवटी उरणाऱ्या साक्याला ग्राहक नसतो. तो अधिकृत घातक कचरा केंद्राकडे किंवा सिमेंटच्या भट्टीत सहप्रक्रियेसाठी, म्हणजे जळणासोबत वापरून संपवण्यासाठी, पाठवावा लागतो, त्याचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतात, आणि हा खर्च न धरता केलेला नफ्याचा हिशेब मी हिशेब मानत नाही. सध्या मालकांच्या मनात आणखी टँकर घेण्याचा विचार आहे. माझा आग्रह असा आहे की, आधी बोटीच्या गाळासाठी स्वतंत्र पाइपलाइन आणि स्वतंत्र पंप असलेली तापवण्याची आणखी एक टाकी बांधावी, तिची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात करून घ्यावी, आणि मगच गाड्यांची संख्या वाढवावी.