भाषण ठोकून अडवा, पण तिथे उभे तरी राहा

2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सिनेटचं लाइव्ह दिवसभर एका टॅबमध्ये चालू ठेवलं होतं, आवाज बारीक करून. कोरी बुकर नावाचे डेमोक्रॅटिक सिनेटर बोलत होते. मी माझी कामं उरकत होतो, मधेच टॅब बदलून बघायचो तर माणूस अजून उभाच. 25 तास 5 मिनिटं! त्यांनी आदल्या दिवसांत खाणं-पिणं बंद केलं होतं म्हणे, आणि बसायचा मोह नको म्हणून खुर्चीच तिथून काढायला लावली होती. सिनेटमध्ये बोलायला वेळेची मर्यादा नसते, आणि सदस्य बोलतोय तोवर मतदान घेता येत नाही, म्हणून नको असलेलं विधेयक लोक भाषण लांबवून अडवतात. खरं तर बुकर एखादं विधेयक अडवत नव्हतेच, निषेधाचं भाषण होतं ते, पण ज्याचा विक्रम मोडला तो मात्र अस्सल अडवणूकवाला.

तो म्हणजे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड. 1957, नागरी हक्कांचं विधेयक, म्हणजे काळ्या लोकांना मतदान करू द्यायचं की नाही हा विषय, आणि हा गृहस्थ ते अडवायला 24 तास 18 मिनिटं बोलला. आधी स्टीम बाथ घेऊन अंगातलं पाणी कमी करून आला होता, म्हणजे मधेच बाथरूमला जावं लागू नये. मग काय, राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचत बसला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, वॉशिंग्टनचं निरोपाचं भाषण वाचलं. आणि भाषण संपल्यावर काही तासांतच विधेयक मंजूर झालं ते झालंच.

आता थर्मंडचं कारण नीचच होतं, त्यात वाद नाही. तरी मला राहून राहून वाटतं की ती अडवणूक निदान उघड्यावर होती. कोण अडवतोय, कशासाठी अडवतोय, किती वेळ, सगळं लोकांना दिसत होतं, नाव कायमचं चिकटलं. अडवणाऱ्याला पाय दुखेपर्यंत उभं राहावं लागत होतं, आणि पाय दुखले की माणूस बसतो, म्हणजे अडवणुकीला आपोआप एक मर्यादा होती.

घोळ झाला तो नंतर. सिनेटमध्ये चर्चा बंद करायचा नियमच मुळी 1917 ला आला, तेव्हा दोन तृतीयांश मतं लागायची, 1975 ला ते शंभरात 60 वर आणलं. ऐकायला सुधारणा वाटते. पण साधारण त्याच सुमारास अशी सोय झाली की एक विधेयक अडकलंय तर ते बाजूला ठेवून दुसरं काम चालू द्यायचं. हेतू चांगला, बाकीचं कामकाज खोळंबू नये. परिणाम असा की अडवणाऱ्याने उभं राहायचीच गरज उरली नाही! नुसतं 'आम्ही अडवणार' असं कळवलं की झालं, समोरच्याकडे 60 मतं नसतील तर विधेयक तिथेच. ना भाषण, ना जागरण, ना घसा बसणं. जे वर्षादोनवर्षांतून एकदा व्हायचं ते रोजचं झालं, कारण फुकट मिळालेली गोष्ट कोण सोडतो.

ब्रिटिश संसदेत उलटी गंमत झाली. आयर्लंडला स्वराज्य मागणाऱ्या पार्नेलच्या आयरिश खासदारांकडे संख्या नव्हती, मग त्यांनी वेळच खाऊन टाकायला सुरुवात केली, सरकारी अहवालांमधले उतारेच्या उतारे वाचायचे. 1881 ला सभागृह सलग 41 तास चाललं, शेवटी अध्यक्ष ब्रँड यांनी नियमात नसताना स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबवून मतदान पुकारलं. पुढच्याच वर्षी चर्चा बंद करायचा नियम झाला, आणि तो काही आयरिशांपुरता राहिला नाही, तेव्हापासून तिथल्या प्रत्येक विरोधी पक्षाच्या मानेवर आहे. आयरिशांची तक्रार रास्त होती असं माझं मत, पण हत्यार इतकं वापरलं की ते सगळ्यांच्याच हातून गेलं.

बाय द वे, मला सगळ्यात आवडणारा किस्सा कॅनडातला. 1997, टोरंटो आणि आजूबाजूची शहरं एकत्र करायचं विधेयक ऑंटारिओच्या सभागृहात होतं. विरोधकांनी हजारो दुरुस्त्या दिल्या, जवळपास प्रत्येक रस्त्यासाठी एक वेगळी, की या रस्त्यावरच्या रहिवाशांना विचारा. रात्रंदिवस एकेक नाव वाचायचं, सरकार पक्षाने पेंगत पेंगत 'नाही' म्हणायचं, पुढचं नाव. एकदा 'नाही' म्हणायला उशीर झाला आणि कॅफन कोर्ट नावाच्या एका गल्लीची दुरुस्ती चक्क मंजूर झाली 😄 मग ती रद्द करायला सरकारला आणखी एक दुरुस्ती आणावी लागली.

जपानमध्ये तर मतदान लांबवायला बोलायचंही नाही, चालायचं. मतपेटीपर्यंत बैलाच्या चालीने जायचं, पाऊल इंच इंच पुढे. 1992 ला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सैनिक पाठवायच्या विधेयकावर एकेका मतदानाला तासन् तास लागले.

आपल्याकडे असं लांबलचक बोलायची सोयच नाही, वेळ पक्षाच्या संख्येवर वाटून मिळतो आणि वेळ संपला की माइक जातो. म्हणून मग हौद्यात उतरणं, फलक, घोषणा, बारापर्यंत तहकूब, दोनपर्यंत तहकूब, दिवसभरासाठी तहकूब. 2010 चं अख्खं हिवाळी अधिवेशन टूजी स्पेक्ट्रम घोटाळ्याच्या चौकशीसाठी जेपीसी, म्हणजे संयुक्त संसदीय समिती नेमा, या मागणीवर असंच वाहून गेलं. तेव्हा अडवणारे पुढे सत्तेत आले आणि अडवणुकीवर चिडायला लागले, आणि तेव्हा चिडणारे आता हौद्यात. 2023 च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून 146 खासदार निलंबित झाले आणि विरोधकांची बाकं अर्धीअधिक रिकामी असताना फौजदारी कायद्यांची तिन्ही विधेयकं मंजूर झाली. मला खटकतं ते हे की आपल्या अडवणुकीत युक्तिवाद कुठेच नोंदला जात नाही. थर्मंडचं निदान रेकॉर्डवर आहे, वाचून शिव्या देता येतात. आपल्याकडे इतिवृत्तात काय, तर 'व्यत्यय'. आणि त्या गोंधळात आवाजी मतदानाने विधेयक पास करून घेणं सरकारला कधीकधी सोयीचंच पडतं, चर्चा केल्याशिवाय सुटका!

म्हणून मला वाटतं विरोधकांना अडवायला वेळ द्यावा, भरपूर द्यावा, पण तोंडाने. दक्षिण कोरियात 2016 ला दहशतवादविरोधी विधेयकावर 38 जण पाळीपाळीने 192 तास बोलले. विधेयक तरीही पास झालं, पण हरकत नेमकी काय होती ते ऐकणाऱ्याला कळलं तरी.

आणि समोरच्यांनीही मग उभं राहायची तयारी ठेवावी. 1964 ला नागरी हक्कांचं मोठं विधेयक सिनेटने 60 दिवस धरून ठेवलं होतं, 10 जूनला चर्चा बंद करायचं मतदान लागलं, 67 मतं हवी होती. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूच्या ट्यूमरने आजारी, बोलता येत नाही, व्हीलचेअरवरून आणलेले. नाव पुकारलं, शांतता. इंग्रजीत होकाराला 'आय' म्हणतात आणि डोळ्यालाही. त्यांनी हात कसाबसा वर नेला आणि डोळ्याकडे बोट दाखवलं. 71 विरुद्ध 29.