करंटच्या तारेवरून सुरू झालेला कायद्याचा तास

नववी-दहावीला राज्यशास्त्र शिकवतो, शाळा यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरीच आत. कायदा, न्यायालय वगैरे पोरं पाठ करतात, पेपरात उतरवतात अन् मोकळी होतात, म्हणून म्हटलं दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ दाखवून पाहू. आधी यूट्यूबवरचेच दाखवले, पण त्यातले बरेच जुने, खुनाला 302 अन् फसवणुकीला 420 सांगणारे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आता खुनाला 103 अन् फसवणुकीला 318. त्यात आधीच्या घटनांना अजून जुनीच कलमं लागतात, ते समजवण्यातच तास जायचा. अन् व्हिडिओत सगळी शहरं, टेबल आपटणारे वकील. पोरं हसायची, विषय खतम.

मग आपणच बनवायचं ठरलं. विषय एका पोट्ट्यानंच दिला, "सर, वावराच्या तारेत करंट सोडला तं गुन्हा होते का? आमच्या इकडं तं लय जण सोडतेत." बाकीचे लगेच गप्प, कारण रानडुकरं एका रात्रीत हरभऱ्याचं वावर उलथं करतात हे सगळ्यांच्याच घरचं. बॅटरीवरची झटका मशीन वेगळी, पण खांबावर आकडा टाकून सरळ तारेत करंट सोडला का त्यात डुकरासोबत माणूसही जाते.

गोष्ट साधी ठेवली. एकानं तार लावली, रात्रीची लाइन आली म्हणून शेजारी गव्हाला पाणी द्यायला निघाला अन् चिकटला. शूटिंग माझ्याच मोबाइलवर, तारेच्या जागी सुतळी, अन् वारा असा का पहिल्या दिवशी आवाजच आला नाही, मग इयरफोनचा माइक शर्टाच्या आत खोचला. पोलिसाची वर्दी कुठून आणायची, तर पोलीस दाखवलाच नाही, फक्त आवाज अन् दारातल्या बुटांचा क्लोजअप (बूट पीटीच्या सरांचे).

स्क्रिप्ट तालुका विधी सेवा समितीवरच्या एका वकील मॅडमला दाखवली होती, ते फार बरं झालं. पोरांनी लिहिलं होतं का पोलीस त्याला दोन ठेवून देतात अन् गाव टाळ्या वाजवते. मॅडमनं ते काढायला लावलं अन् त्याच जागी लिहून दिलं का अटक केली तर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागते अन् कोठडीतल्या माणसालाही सरकारी खर्चानं वकील मागता येते. पोरं नाराज. "मंग त्यात मजा काय सर?"

वर्गात एक गोष्ट ध्यानात आली, व्हिडिओ पूर्ण दाखवला का चर्चा मरते. म्हणून शेजारी पडला तिथंच थांबवायचा अन् विचारायचं, आता काय व्हायला पाहिजे? काय गोंधळ! अर्धे म्हणे जन्मठेप द्या, अर्धे म्हणे त्यानं तं डुकरासाठी लावली व्हती. मग सांगितलं का नुसता निष्काळजीपणा ठरला तर कलम 106, 5 वर्षांपर्यंत शिक्षा, अन् यानं माणूस मरू शकते हे माहीत असून केलं असं ठरलं तर 105, सदोष मनुष्यवध, 10 वर्षांपर्यंत. माहीत होतं का नव्हतं हे ठरवायलाच तर पुरावे अन् साक्षीदार लागतात. एक पोरगी उठली, "अन् आकडा रोज दिसते त्या वायरमनचं काय?" याचं उत्तर माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं, त्यावर वर्ग बराच वेळ भांडला. जामिनावरून तर जास्तच, जामीन भेटला म्हणजे सुटला असंच सगळे धरून बसलेले, केस चालूच राहते हे मानायलाच तयार नाहीत.

देसाईगंजचं प्रकरण (आपण वडसा म्हणतो ते) मात्र व्हिडिओत घेतलं नाही, दहावीला नाव न घेता तोंडी सांगितलं. 1972 मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सेशन कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या अन् 1983 मध्ये कायदाच बदलला. इतका वेळ चुळबुळ करणारी मागची बाकं त्या दिवशी प्रश्न विचारत होती. कोर्टाच्या निकालाला चूक म्हणता येते का, हा पहिला.

आता सावकारीवर चाललं आहे, 2014 च्या सावकारी कायद्यात लायसनशिवाय व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे. यात पालकांचे फोन येऊन राहिले, गावात कोण सावकार आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून सावकाराचं काम करायला कोणी पोट्टं तयार नाही. शेवटी ते मीच करतो आहे. स्क्रिप्ट मॅडमकडं गेली आहे, तुरी निघायच्या आत परत आली तर बरं, नाहीतर मागं सगळी वावरं रिकामी दिसतील.