लेन्स पाण्यात पडली नव्हती

“डॉक्टर, लेन्स पाण्यात पडली, पण डोळ्यात अजून काहीतरी खुपतंय,” असं म्हणत ती आली. ओले केस, उजव्या डोळ्यावर घट्ट दाबलेला रुमाल. पुण्याची मुलगी, पंचविशीच्या आसपासची, शिवोलीला मावशीकडे सुट्टीवर आलेली. मावशी सोबत होती. दारात एक तरुण संकोचून उभा होता. शापोरा नदीत वॉटर स्कीइंग, म्हणजे बोटीच्या दोरीला धरून पाण्यावर घसरत जाणं, शिकवणारा, पेडण्याकडचा. बोट बांधून तो तसाच त्यांच्याबरोबर म्हापशाला आला होता. मला ते फार बरं वाटलं, आणि पुढे त्याच्या येण्याचा उपयोगही झाला.

जानेवारीच्या दिवसांत माझ्याकडे किनाऱ्यावरून येणारे लाल डोळे नेहमीचेच. वाळू गेलेली असते, जेट स्कीचा फवारा बसलेला असतो, दिवसभर उन्हात पाण्यावर राहून बुबुळ भाजल्यासारखं झालेलं असतं. म्हणून सुरुवातीला मी नेहमीच्याच क्रमाने गेले. आधी डोळा बधिर करणारा थेंब, मग फ्लुरेसिन या रंगाची पट्टी, मग स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राचा, निळा प्रकाश. बुबुळावर खालच्या बाजूला तीनेक मिलिमीटरचा ओरखडा हिरवा चमकत होता. वरची पापणी उलटून पाहिली तर अगदी आत, घडीत, आणखी काहीतरी हिरवं दिसलं. लेन्सच होती. चुरगळून दुमडलेली. सॉफ्ट लेन्स हा रंग शोषून घेते म्हणून सापडली, एरवी ती पारदर्शक वस्तू तिथे दिसली नसती.

“बरं झालं, मागे मेंदूकडे नाही गेली,” मावशी म्हणाली. ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. लेन्स डोळ्याच्या मागे जाऊच शकत नाही. पापणीच्या आतली पातळ त्वचा वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येते आणि तिथे पिशवीसारखी बंद होते. हरवलेली लेन्स एक तर पडलेली असते, नाही तर त्या पिशवीत असते.

मावशीने घरून निघताना डोळ्यात गुलाबपाणी घातलं होतं, आणि आता तिला डोळ्यावर पट्टी हवी होती. दोन्हीला मी स्पष्ट नाही म्हटलं. लेन्समुळे आलेला ओरखडा पट्टीखाली झाकायचा नसतो. ओल्या, उबदार, बंद डोळ्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढला तर एकदोन दिवसांत बुबुळ विरघळायला लागतं. अँटिबायोटिकचे थेंब, डोळा उघडा, बरा होईपर्यंत लेन्स बंद, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी.

काम संपल्यासारखं होतं. ती खुर्चीतून उठली आणि सहज म्हणाली, “म्हणजे आता ते चमकणंही थांबेल ना?”

मी तिला पुन्हा बसवलं.

पाण्यात आदळल्यापासून डोळ्याच्या कडेला प्रकाशाचे चमकारे येत होते. काळे ठिपकेही तरंगत होते. ते लेन्सच्या घोळामुळे असेल असं तिनेच ठरवून टाकलं होतं. बुबुळावरच्या ओरखड्याने डोळा दुखतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, पण कडेला असे चमकारे येत नाहीत. ते आतून, डोळ्याच्या मागच्या पडद्याकडून, म्हणजे रेटिनाकडून येतात. नंबर विचारला. मायनस साडेसात.

बाहुली मोठी करणारे थेंब घातले. त्याला अर्धा तास लागतो. त्या वेळात मी त्या तरुणाला नेमकं काय घडलं ते विचारलं.

त्याने नीट सांगितलं. सकाळी वारा सुटायच्या आधी पाणी सपाट असतं, तेव्हाच तो नवख्यांना घेतो. ती दोनदा छान उभी राहिली. तिसऱ्यांदा स्कीची टोकं पाण्यात रुतली, ती पुढे फेकली गेली, पण हँडल सुटलंच नाही. थोडं अंतर बोटीने तिला तोंडावर ओढत नेलं. नवख्याला तो ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या वर नेत नाही. स्पर्धेतल्या स्लालममध्ये, म्हणजे वळणं घेत जाण्याच्या प्रकारात, पुरुषांची बोट ५८ पर्यंत जाते. पण ३० सुद्धा उघड्या डोळ्याला कमी नाही. त्या वेगाने आलेलं पाणी मऊ राहत नाही.

मग त्याने विचारलं, “डॉक्टर, लाइफ जॅकेटशिवाय मी कुणाला दोरी देत नाही. डोळ्यांचं काय विचारायचं असतं ते आम्हाला कोणी शिकवलंच नाही.”

मी त्याला सांगितलं ते इथे लिहिते, कारण हाच प्रश्न किनाऱ्यावरच्या प्रत्येक बोटवाल्याने विचारायला हवा.

मायनस नंबरचा डोळा लांबट असतो. साधारण डोळा पुढून मागे २४ मिलिमीटरच्या आसपास भरतो. मोठ्या नंबरचा २६ च्या पुढे जातो. आतला पडदा तेवढाच, पण जास्त जागेवर ताणलेला, म्हणून कडांना विरळ. लेन्स घातली किंवा लेझरने नंबर काढला तरी बुबुळाचं काम तेवढं होतं, डोळ्याची लांबी तीच राहते. माणसाला मात्र आपला डोळा आता इतरांसारखा झाला असं वाटतं आणि तो वेगाने पाण्यावर आपटण्याच्या खेळात निर्धास्त उतरतो. मला काळजी वाटते ती या निर्धास्तपणाची.

दुसरी गोष्ट लेन्सची. सॉफ्ट लेन्स पाणी धरून ठेवते, आणि पाण्यातलं जे काही असेल तेही. शापोरा म्हणजे वरची तिळारी. गोडं पाणी आणि भरतीचं खारं पाणी मिसळलेलं. अशा पाण्यात, विहिरीत, तलावात, नळाच्या पाण्यातसुद्धा अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. त्याच्या कोषाला क्लोरीनही सहज मारत नाही, म्हणून स्विमिंग पूल सुरक्षित हा समजही खोटा. सिंधुदुर्गातला एक तरुण लेन्स घालून गावच्या विहिरीत पोहायचा. त्याचा डोळा मी पाहिला आहे. दिसायला साधी लाली, आणि वेदना मात्र रात्रभर झोपू न देणारी. हर्पीस या विषाणूचा संसर्ग समजून दुसरीकडे आठवडे गेले, मध्ये स्टिरॉइडचे थेंबही पडले. खरं निदान झाल्यावर सुरुवातीला रात्री उठवून दर तासाला थेंब घालावे लागले, तेही साध्या मेडिकलमध्ये न मिळणारे. उपचार कित्येक महिने चालला आणि बुबुळावर डाग राहिलाच.

म्हणून पाण्यावर जाताना लेन्स नको. नंबरचा स्पोर्ट्स गॉगल हवा. पॉलिकार्बोनेटच्या काचांचा, कडांना मऊ गादी असलेला, डोक्यामागे पट्टा आणि आत आलेलं पाणी निघून जाईल अशी भोकं असलेला. पोहण्याचा कडक छोटा गॉगल या वेगात सरकतो आणि त्याची कड भुवईला लागते. काचेचा चष्मा तर अजिबात नको. स्की शिकवणारा तो तरुण म्हणाला, काही जणांना नंबराशिवाय बोटीतल्या माणसाच्या हाताच्या खुणा दिसत नाहीत, ते लेन्सचाच हट्ट धरतात. त्यांनी निदान रोज फेकायची लेन्स वापरावी, वर बंद बसणारा गॉगल लावावा, बाहेर आल्यावर ती लेन्स टाकून द्यावी. दुसरी जोडी आणि चष्मा बोटीत कोरड्या पिशवीत ठेवावा. नळाच्या पाण्याने लेन्स धुवायची नाही. आणि तोल गेला की सर्वांत आधी हँडल सोडायचं, हे त्याने माझ्या आधी स्वतःच म्हटलं.

बाहुली मोठी झाली होती. इनडायरेक्टने, म्हणजे पडदा पाहायच्या डोक्यावर बांधायच्या यंत्राने पाहिलं. डोळ्यातल्या जेलीत बारीक तपकिरी कण तरंगत होते, ते पाहूनच पोटात गोळा आला. वर, कानाच्या बाजूला, अगदी कडेला घोड्याच्या नालेच्या आकाराची फाट होती. आजूबाजूला पडदा किंचितही सुटलेला नव्हता. चमकारे देणाऱ्या अशा फाटी तशाच सोडल्या तर जवळपास निम्म्या डोळ्यांत पडदा सुटतो.

पणजीतल्या माझ्या रेटिनावाल्या मैत्रिणीला फोन केला. बुबुळावर ओरखडा असल्यामुळे त्यावर लेन्स टेकवून लेझर करणं नको, डोक्यावरच्या यंत्राने लांबूनच करू, असं आमचं ठरलं. दुपारी फाटीभोवती लेझरच्या तीन रांगा बसल्या. मावशी तोवर एक शब्द बोलली नव्हती. निघताना तिने त्या तरुणाला “जेवून जा रे बाबा,” एवढंच म्हटलं.

ओरखडा काही दिवसांत भरला. लेझरचे डाग पक्के व्हायला दोन आठवडे लागतात, तोवर तिने पुण्याला जाणं पुढे ढकललं. डाव्या डोळ्यातही पडद्याचा एक विरळ पट्टा सापडला. फाट नव्हती, त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवायची. तिने विचारलं, पुन्हा स्की करता येईल का. सध्या नाही, असं मी सांगितलं. तीन महिन्यांनी दोन्ही पडदे पाहून रेटिना तज्ज्ञ सांगतील तेव्हा, आणि तेही गॉगल लावून. तिला ते आवडलं नाही, पण तिने तारीख लिहून घेतली.

फेब्रुवारीत त्या तरुणाने एका कॉलेजच्या मुलाला पाठवलं. पाण्यात उतरायच्या आधीच. मायनस सहा, लेन्स वापरणारा. पडदे दोन्ही स्वच्छ होते. त्याला नंबर लिहून दिला आणि म्हापशातच गॉगल करायला पाठवलं.