एक डोळा उघडा

आज दुपारी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हात तोंडापाशी जाऊन थांबला. समोर बसलेला मुलगा म्हणाला, "केस निघाला का?" नाही म्हटल्यावर तो परत मोबाइलमध्ये शिरला.

हे माझं अधूनमधून होतं. आमच्या घरात जेवणाआधी कोणी काही म्हणत नाही. आजोबा होते तोवर ताटाभोवती पाणी फिरवायचे, बाजूला चार शितं ठेवायचे. वडिलांनी ते सोडलं, मला तर येतच नाही. पण माझं हे थांबणं आजोबांकडचं नव्हे. ते भिंतीपलीकडच्या घरातून आलंय.

जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लावून काका राहायचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. दोन पत्र्याच्या खोल्या, काकू, एक शिलाई मशीन आणि चार मुली. "चारी मुलीच का?" असं कोणी हळहळून विचारलं की काका म्हणायचे, "हाव, चारीबी," आणि पान्हा घेऊन सायकलीच्या चाकाकडे वळायचे. काकू आजारी असल्या की मुलींच्या वेण्या तेच घालायचे. नटबोल्ट आवळायची सवय असलेला हात तो. त्या दिवशी चौघी बहिणी भुवया वर गेलेल्या अवस्थेत शाळेत यायच्या.

रविवारी मात्र ते वर्कशॉपचे नव्हते. पांढरा शर्ट, चर्च, दुपारी मटण. त्या सुट्टीसाठी दिवाळीत आणि ईदला दुसऱ्यांच्या ड्यूट्या अंगावर घ्यायचे. आणि त्या मटणासाठी मी रविवारी बरोबर साडेबाराला काहीतरी मागायला त्यांच्याकडे जायचो. पट्टी, कंपास, काहीही. काकू म्हणायच्या, "काय करायलास दारात? ये, बस."

बसायचं, पण लगेच जेवायचं नाही. आधी प्रार्थना.

काका दिवसभर आमच्यासारखंच बोलायचे. डोळे मिटले की भाषा बदलायची. "हे दयाळू प्रभू, तू आम्हांस हे अन्न दिलेस म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो." इथे आमेन म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. मग पाळकसाहेबांची गुडघेदुखी. मग कोपऱ्यावरच्या टेलरची कोर्टाची तारीख. मग त्याच शुद्ध मराठीत, "आणि प्रभू, परभणी गाडीचा गिअरबॉक्स तुझ्या हाती सोपवतो." टोपल्यात फडक्याखाली भाकरी गार होतेय, रश्श्यावर तेलाचा तवंग जमतोय आणि काकांचे हात जोडलेले. साबणाने घासूनही नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ तशीच. एकदा तर माझं नाव घेऊन म्हणाले, "या लेकराला गणितात पास कर." मी लाजेने अर्धा झालो. पस्तीस मार्क पडले. वडील म्हणाले, "देवानं अगदी मोजून दिले."

मी डोळे मिटायचो नाही. एक उघडा ठेवायचोच. त्यामुळे त्या रविवारी मांजर खिडकीतून उतरलं ते फक्त मलाच दिसलं. पातेल्याचं झाकण सरकलेलं. काका टेलरच्या तारखेपाशी पोचलेले. ओरडावं तर प्रार्थना मोडणार, आणि डोळे उघडे होते हेही कळणार. मी गप्प बसलो. मांजराने चांगला नळीचा तुकडा निवडला आणि आल्या वाटेने गेलं. आमेननंतर काकूंनी पातेलं पाहिलं, मग माझं तोंड पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "बरं झालं. आजपासून तू डोळे उघडे ठेवायचे. राखण तुझ्याकडं." पुढे दहावीपर्यंत मी ती इमानाने केली.

काकांचे आजोबा बेथेलचे. जालन्याजवळचं हे गाव नारायण शेषाद्रींनी वसवलं. ब्राह्मण घरातला माणूस, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला, पुढे इकडे निजामाच्या मुलखात आला आणि गावकुसाबाहेरच्या माणसांना घेऊन नवं गाव मांडून बसला. बेथेल म्हणजे देवाचं घर. हे काका सांगायचे तेव्हा छाती जराशी पुढे यायची. एरवी धर्म या विषयावर त्यांच्याकडे बोलण्यासारखं फारसं नसायचं, जे काही होतं ते जेवणाच्या आधी होऊन जायचं.

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट काकूंची. नवं लग्न, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, तव्यावर मोडायची. काका तिच्यापुढेही हात जोडून बसले, तेव्हा काकू म्हणाल्या, "ह्याचेबी उपकार मानायचे का?" काकांनी थोडा विचार केला म्हणे आणि म्हणाले, "ह्याचे जरा कमी मानू." पण प्रार्थना तेवढीच लांब केली.

ती आखूड झालेली मी एकदाच पाहिली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीत भूकंपाने दगडमातीच्या भिंती त्यांच्या अंगावर आल्या. काका मदतीच्या गाडीबरोबर गेले, आठवड्याने परत आले. मी तेव्हा कॉलेजात होतो, सहज डोकावलो तर सगळे ताटावर बसलेले. काका म्हणाले, "प्रभू." पुढे काहीच नाही. धाकटीने हळूच आमेन म्हटलं. भाकरीतून वाफ येत होती. तिथे काय पाहिलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे बरेच दिवस तसंच चाललं. मग एका रविवारी भिंतीपलीकडून कुठल्याशा गाडीच्या ब्रेकबद्दल ऐकू आलं आणि माझी आई म्हणाली, "चला, आले ताळ्यावर."

काका गेले तेव्हा मी संभाजीनगरहून पोचेपर्यंत पेटी कबरस्तानात आली होती. चारी मुली, जावई, नातवंडं. वर्कशॉपचे म्हातारे सोबती भिंतीकडेला, टोप्या काढाव्यात की ठेवाव्यात या विचारात. टेलरही होता. पाळकसाहेब म्हणाले, "आपण डोळे मिटू या." सगळ्यांनी मिटले.

मी नाही मिटले. कोणीतरी उघडे ठेवायला पाहिजेत.