हायत्सुंगवरची खोबरेलाची बाटली

ऑक्टोबर लागला की इथे जर्मनीत, आमच्या फ्रायबुर्गच्या घरात खोबरेल गोठतं. एखाद्या सकाळी बाटली उचलावी तर आत सगळं पांढरं, मेणासारखं घट्ट. मग मे महिन्यापर्यंत ते आपणहून पातळ होत नाही. खोबरेल वितळायला 24-25 अंशांची ऊब लागते आणि इथल्या घरांत हिवाळ्यात 20 अंश म्हणजे पुष्कळ. म्हणून शनिवारी न्हायच्या आधी मी बाटली हायत्सुंगवर ठेवते. हायत्सुंग म्हणजे खिडकीखाली भिंतीला बसवलेला, आतून गरम पाणी खेळणारा लोखंडी पत्रा. तासाभरात बाटलीच्या कडेने तेल सुटू लागतं आणि खोलीभर वास पसरतो.

वेंगुर्ल्याला आमच्याकडे हे पौषात चार-आठ दिवसच व्हायचं. आई बाटली न्हाणीतल्या चुलीच्या कडेला टेकवून ठेवायची.

इथे आल्यापासून गावाकडून एक प्रश्न सारखा येतो. "तिकडचे लोक म्हणे खोबरेल कॉफीत घालून पितात. आपण उगाच सोडलं का गं?" मागच्या वर्षी हाच प्रश्न माझ्या बाबांच्या तब्येतीपर्यंत येऊन पोचला. तेव्हापासून यावर सविस्तर लिहायचं मनात होतं.

आधी इथलं चित्र सांगते. डीएम नावाची औषधी-सौंदर्याच्या वस्तूंची दुकानं जर्मनीत गावोगावी आहेत. तिथे खोबरेल काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत मिळतं. तीच बरणी बायोच्या, म्हणजे सेंद्रिय मालाच्या दुकानात मध आणि अळशीच्या रांगेत दिसते. तेल बहुतेक फिलिपिन्स किंवा श्रीलंकेचं, न तापवता काढलेलं. बरणीतून ते चमच्याने खरवडून काढायचं असतं. ओतायच्या तेलाला मोठं तोंड कशाला, हे मला पहिल्या हिवाळ्यात कळलं.

पण जर्मन माणसाची खोबरेलाशी खरी ओळख या बरणीच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती मला शेजारच्या आजींमुळे समजली. त्या ऐंशीच्या पुढच्या. माझ्या मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसाला त्यांनी एक केक आणला. भट्टीत न भाजलेला, बिस्किटं आणि चॉकलेटचे थर एकावर एक रचून थंड केलेला. नाव कालटर हुंड, म्हणजे शब्दशः 'थंड कुत्रा'. पहिला घास घेतला आणि तो जिभेवर ज्या तऱ्हेने गार होत विरघळला, ती तऱ्हा माझ्या ओळखीची निघाली. मी विचारलं, यात काय आहे? त्या घरी जाऊन पाल्मिनची वडी घेऊन आल्या. पांढरी, कडक, साबणाच्या वडीएवढी. शुद्ध केलेलं, वास काढून टाकलेलं खोबरेल! 19व्या शतकाच्या अखेरीपासून हे नाव जर्मन स्वयंपाकघरात आहे. आजी लहानपणापासून त्यात बटाटे तळत आल्या होत्या, पण अख्खा नारळ त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला तो आमच्या घरी. मी तो फोडला, पाणी त्यांना दिलं, खोबऱ्याचा तुकडा दिला. त्या बराच वेळ करवंटी हातात फिरवत बसल्या होत्या.

मग मी शोधत गेले की हे खोबरं इथे आलं कसं. उत्तर सरळ आहे, आणि सुखाचं नाही. हॅम्बुर्गच्या गोडेफ्रॉय पेढीने 19व्या शतकात सामोआ बेटांतून सुकं खोबरं जहाजांनी आणायला सुरुवात केली. पुढे सामोआ आणि न्यू गिनीचा मोठा भाग जर्मनीच्या ताब्यात गेला आणि तिथे माडांच्या बागा उभ्या राहिल्या, परक्यांच्या जमिनीवर आणि परक्यांच्या मेहनतीवर. साबण, मेणबत्त्या आणि स्वयंपाकाची चरबी या सगळ्याला खोबरं लागत होतं.

याच बेटांवर आउगुस्ट एंगेलहार्ट नावाचा माणूस गेला. न्युर्नबर्गचा. 1902 साली त्याने न्यू गिनीजवळचं काबाकोन बेट गाठलं आणि फक्त नारळावर जगायचं ठरवलं. त्याचं म्हणणं असं, की नारळ सूर्याच्या सगळ्यांत जवळ पिकतो, त्याचा आकार माणसाच्या डोक्यासारखा, म्हणून तेच माणसाचं खरं अन्न. नारळ खाऊन, उघड्या अंगाने उन्हात राहून माणूस रोगमुक्त होईल, अगदी देवत्वाला पोचेल अशी त्याची श्रद्धा होती. जर्मनीहून काही जण त्याच्याकडे गेलेही. त्यांतले काही मेले, काही आजारी होऊन परतले. एंगेलहार्ट स्वतः हाडांचा सापळा झाला, अंगावर जखमा झाल्या, आणि 1919 मध्ये तो त्याच बेटावर वारला. हे वाचून मी फार अस्वस्थ झाले. ज्या झाडाला आम्ही कल्पवृक्ष म्हणतो, ज्याच्या सोडणापासून झावळीपर्यंत काही वाया जाऊ देत नाही, त्यावर आमच्याइतकंच प्रेम करणारा हा माणूस होता. आमच्या घरात नारळ नाही असा दिवस जात नव्हता, पण तो भात, मासे, कुळीथ यांच्या सोबतीने पानात यायचा. त्याने सोबतीचं सगळं काढून टाकलं.

दुसरं टोकही याच शहरात पाहिलं. 2018 च्या उन्हाळ्यात फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या इस्पितळातल्या प्राध्यापक कारिन मिशेल्स यांचं एक व्याख्यान इंटरनेटवर आलं. विषय होता खोबरेल आणि आहाराविषयीचे इतर गैरसमज. त्यात त्यांनी खोबरेलाला चक्क 'निव्वळ विष' म्हटलं, डुकराच्या चरबीपेक्षाही वाईट. लाखो लोकांनी ते पाहिलं, जगभर बातम्या झाल्या. भारताच्या फलोत्पादन आयुक्तांनी हे विधान मागे घ्या असं पत्रही पाठवलं. मी इथे येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मला इतका राग आला की त्या रात्री मी आईला फोन करून अर्धा तास बोलत होते. पिढ्यान् पिढ्या जे तेल पोराबाळांच्या टाळूवर घातलं, त्याला विष म्हणायचं? शब्द चुकीचाच होता, हे माझं मत आजही तेच आहे. पण रागाच्या भरात मी त्या शब्दामागचं बाकीचं ऐकलंच नाही. ते ऐकायची वेळ बाबांमुळे आली.

बाबांना कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला होता. रोज सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे खोबरेल घ्या. वजन उतरतं, मेंदू तल्लख होतो, हृदय सुधारतं. बाबांनी आठ महिने न चुकता घेतलं. आम्हाला सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, घरचं तेल होतं. वार्षिक तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 121 वरून 149 वर गेलेलं निघालं. त्याच वर्षी गुडघ्यामुळे त्यांचं चालणं कमी झालं होतं, तेव्हा सगळा दोष तेलाच्या माथी मारणार नाही. पण डॉक्टरांनी पहिलं तेल बंद करायला सांगितलं. बाबा फोनवर म्हणाले, "माका काय जाला नाय गो. आमचे आजे-पणजे ह्याच खाऊन नव्वद वर्सां जगले."

मग मी नीट वाचायला बसले.

खोबरेलात 80 ते 90 टक्के संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड, चरबी असते. लोण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाच्या एकूण ऊर्जेतली संपृक्त चरबी 10 टक्क्यांच्या आत ठेवा. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला म्हणजे साधारण 22 ग्रॅम. एका मोठ्या चमच्यात खोबरेल मावतं 13-14 ग्रॅम आणि त्यातले 11-12 ग्रॅम संपृक्त. बाबांचे दोन चमचे म्हणजे दिवसभराचा सगळा वाटा सकाळी सातच्या आत पोटात. नंतरचं दूध, तूप, मटण वेगळंच. 2020 मध्ये 16 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई यांच्यासारख्या इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी 10 अंकांनी वाढतं असं त्यात निघालं. चांगलं मानलेलं एचडीएलही वाढतं, पण साधारण 4 ने, आणि ती वाढ हृदयाला वाचवते असं त्यातून सिद्ध होत नाही.

वजन उतरण्याची गोष्ट आली ती एमसीटी नावाच्या वेगळ्या तेलावरून. कारखान्यात बनवलेल्या त्या तेलात मधल्या लांबीच्या कार्बन-साखळीची, त्यातही आखूड अशी आम्लं भरलेली असतात, ती यकृतात झटकन जळतात. खोबरेलातलं निम्मं तेल असतं लॉरिक आम्लाचं. कागदावर तेही मधल्या साखळीत मोडतं, पण शरीर ते बरंचसं लांब साखळीसारखंच पचवतं. एका तेलावरचे प्रयोग दुसऱ्या तेलाच्या बरणीवर चिकटवले गेले. याचा मला फार राग येतो, कारण याला माझे बाबा फसले.

आजे-पणजांचं काय? तसा अभ्यासही आहे. पॅसिफिकमधल्या पुकापुका आणि टोकेलाऊ बेटांवरच्या लोकांविषयी 1981 मध्ये लेख आला. टोकेलाऊत खाण्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा नारळातून यायची आणि हृदयविकार तिथे क्वचितच आढळायचा. पण ती माणसं अख्खा नारळ खात होती, चोथ्यासकट, मासळीबरोबर. पाकिटातलं खाणं जवळजवळ नव्हतं. शिवाय टोकेलाऊकरांचं कोलेस्टेरॉल पुकापुकावाल्यांपेक्षा जास्तच होतं, कारण त्यांच्या पानात नारळ जास्त.

बाबांना पटवलं ते मात्र या आकड्यांनी नाही, आईच्या मुठेलाने.

आई अजून वर्षातून एकदा मुठेल काढते. ओले नारळ खवायचे, तो चव, म्हणजे खवलेलं खोबरं, वाटायचा, पिळून रस काढायचा, तो मंद आचेवर आटवत बसायचा. पाणी उडतं, तेल सुटतं, खाली तुपाच्या बेरीसारखा तांबूस गाळ राहतो. तो मुठीत धरून शेवटचा थेंब पिळायचा. वीस नारळांचं तेल एका-दीड बाटलीत मावतं, आणि दिवस जातो. मी बाबांना विचारलं, आजीच्या काळी हे तेल कुणी पोटात दोन-दोन चमचे घेतलं असतं का? ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आजी वरसून धार सोडी. खतखत्यार." चतुर्थीच्या खतखत्यात तिरफळं पडली, भाज्या शिजल्या, की चूल विझवल्यावर वरून कच्च्या खोबरेलाची एक धार. पंधरा माणसांच्या टोपात एक पळी. आमच्या घरात तेल वास म्हणून जेवणात यायचं. आता बाबांना गोळी चालू आहे, चालणं पुन्हा सुरू आहे, एलडीएल खाली आलंय.

आता डोक्याविषयी, कारण तिथे खोबरेलाची बाजू खरोखर भक्कम आहे. केसांवरचा एक नावाजलेला अभ्यास 2003 मध्ये मुंबईतून आला, आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा. खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची तुलना केली, तेव्हा धुण्या-विंचरण्यात केसांतलं प्रथिन कमी झिजलं ते खोबरेलामुळेच. लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. बाकीची तेलं वरच राहतात. संशोधक मॅरिको कंपनीचे होते, म्हणजे पॅराशूट विकणारे, हे लक्षात ठेवूनच वाचावं. पण कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. केस तुटायचे कमी होतात. नवे केस उगवतात असं नाही. कोंडा असेल तर मात्र चोपडू नका, कारण कोंड्यामागचं यीस्ट तेलातल्याच आम्लांवर जगतं. चेहऱ्यावर मुरुमं असतील तर तिथेही नको. इथल्या कोरड्या हिवाळ्यात हातापायांना आणि कोपरांना यासारखं दुसरं काही मला मिळालेलं नाही. तेलाच्या गुळण्यांबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच: आयुर्वेदात गंडूषासाठी तिळाचं तेल सांगितलंय.

खायचं की लावायचं, हा वाद आपल्याकडे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. कराचा प्रश्न होता; खाद्यतेलाला 5 टक्के, केसांच्या तेलाला तेव्हा 18. डिसेंबर 2024 मध्ये कोर्टाने निकाल दिला की बाटली लहान आहे एवढ्यावरून शुद्ध खोबरेल केसांचं तेल ठरत नाही.

मुलगी झाली तेव्हा आई तीन महिने इथे होती. जर्मनीत बाळंतपणानंतर हेबामे, म्हणजे सुईण, घरी येते आणि तिचा खर्च विमा देतो. ती आली तेव्हा आई बाळाची टाळू भरत होती. हेबामेने शांतपणे सांगितलं, टाळू भरावी लागत नाही, दीड वर्षाच्या आसपास ती आपली आपण भरते. फक्त तिथे दाबू नका. मी भाषांतर करताना घाबरले होते. आई म्हणाली, "दाबत नाही. हात कसा ठेवते ते बघ म्हणावं." हेबामेने पाहिलं. मग आपल्या बाह्या वर सारून ती आईशेजारी जमिनीवर बसली आणि तिने बाळाच्या पोटऱ्यांना कसं चोळायचं ते विचारलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी उठून तेल पुन्हा हायत्सुंगवर ठेवून आले.

या चतुर्थीला मी इथे खतखतं केलं. सुरण मिळाला नाही, भोपळा आणि मक्याची कणसं घातली, तिरफळं आईने पाठवलेली. गॅस बंद केला आणि व्हिडिओ कॉलवर बाबांना टोप दाखवला. ते म्हणाले, "घाल आता." मी मुठेलाची बाटली तिरकी केली. "पुरे," बाबा म्हणाले.